इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स: कॅश की मार्जिन, इथेच अर्धा निकाल लागतो

इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स या अमेरिकी शेअर ब्रोकरचं खातं उघडताना फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न येतो: खातं कॅश हवं (फक्त असलेल्या पैशांत खरेदी) की मार्जिन (ब्रोकरकडून कर्ज घेऊनही खरेदी)? पुष्कळ जण 'मार्जिन'वर टिचकी मारून पुढे सरकतात. कर्ज काढायचं नसलं तरी सोय असलेली बरी, असा हिशेब असतो. या ब्रोकरबद्दल तीन तक्रारी हमखास कानावर येतात. न मागितलेलं व्याज लागलं, न विचारता शेअर विकले आणि आपले शेअर नेमके कुणाच्या ताब्यात आहेत ते कळत नाही. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा त्या एका टिचकीत सापडतं. म्हणून परीक्षणाची सुरुवात तिथूनच.

कंपनीची ओळख दोन ओळींत पुरे. थॉमस पीटरफी हे संस्थापक, मुख्यालय अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्रीनिचला, २००७ पासून नॅसडॅकवर नोंदणी, त्यामुळे ताळेबंद दर तिमाहीला सगळ्यांसमोर. मुळात धंदेवाईक ट्रेडरांसाठी घडवलेली व्यवस्था सामान्य गुंतवणूकदाराच्या हातात दिलेली आहे, आणि ते जागोजागी जाणवतं. एकाच खात्यात युरो, डॉलर, पाउंड, येन वेगवेगळे शिल्लक ठेवता येतात. हीच या खात्याची सर्वात मोठी ताकद आणि नवख्याची सर्वात मोठी अडचण.

आधी चांगलं. चलन बदलण्याच्या खर्चात या खात्याच्या जवळपास येणारे ब्रोकर फार थोडे. स्वतः ऑर्डर टाकून युरोचे डॉलर केले तर कमिशन रकमेच्या ०.२ बेसिस पॉइंट, म्हणजे ०.००२ टक्के, आणि कमीत कमी २ डॉलर. याचा अर्थ एक लाख डॉलरपर्यंत कितीही बदला, खर्च २ डॉलरच. दर बँकांच्या आपसातल्या बाजाराचा मिळतो. कॅश खात्यात दुसरीही वाट आहे. परदेशी शेअरची ऑर्डर थेट टाकायची आणि लागणारं चलन आपोआप बदलू द्यायचं. त्याला ०.०३ टक्के पडतात, तेही दरातच मिसळून. दोन्ही वाटांचा खर्च साधारण ६,६६७ डॉलरच्या व्यवहाराला सारखा होतो. त्याखाली आपोआप बदललेलं स्वस्त, त्यावर स्वतः बदललेलं. दरमहा ५०० डॉलरचा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) घेणाऱ्याने 'स्वस्त पडतं म्हणे' म्हणून स्वतः ऑर्डर टाकली तर २ डॉलर, म्हणजे ०.४ टक्के जातात. आपोआप बदलू दिलं तर १५ सेंट. हे दर बदलू शकतात, तेव्हा ऑर्डर पाठवण्याआधी प्रिव्ह्यूमध्ये दिसणारा आकडाच खरा धरायचा.

तुलना करायची तर १०,००० डॉलरला ०.२५ टक्के घेणारा ब्रोकर २५ डॉलर काढतो, १ टक्का घेणारा १००. 'शून्य कमिशन'चा फलक लावणाऱ्यांचं पोट बऱ्याचदा इथेच भरतं. शिवाय ही कात्री घेताना लागते, विकताना लागते आणि काही ठिकाणी प्रत्येक लाभांशालाही लागते. दरात लपवलेलं शुल्क ओळखायची युक्ती सोपी आहे. व्यवहाराच्या त्याच मिनिटाचा बाजारातला मधला दर टिपून ठेवायचा आणि स्टेटमेंटवरच्या दराशी ताडून पाहायचा. फरकाला मधल्या दराने भागलं की खरं कमिशन समोर येतं.

आता स्वतः चलन बदलताना कुठे चुकतं ते. क्लायंट पोर्टलमध्ये, म्हणजे ब्रोकरच्या संकेतस्थळावर, ट्रेड मेन्यूत 'कन्व्हर्ट करन्सी' असा पर्याय आहे. कुठलं द्यायचं, कुठलं घ्यायचं एवढंच तो विचारतो. बहुतेकांनी इथूनच काम करावं. ट्रेडर वर्कस्टेशन या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र चलनांची जोडी निवडावी लागते, आणि तिथे दिशेचा घोळ होतो. जोडीतलं पहिलं चलन ही वस्तू, दुसरं तिची किंमत. युरो-डॉलर जोडीत युरो देऊन डॉलर हवे असतील तर बटण 'सेल'चं. 'मला डॉलर विकत घ्यायचेत' म्हणून 'बाय' दाबलं की नेमकं उलटं होतं, आणि मार्जिन खात्यात ते बिनबोभाट पारही पडतं: डॉलर उसने घेऊन आणखी युरो खरेदी. ऑर्डरमधली संख्याही युरोत असते, डॉलरमध्ये नाही. वेळेबद्दल आणखी एक गोष्ट: चलनबाजार शनिवार-रविवारी बंद असतो, आणि न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस बदलताना खरेदी-विक्रीच्या दरांतलं अंतर रुंदावतं. त्या वेळी मार्केट ऑर्डर टाकणं म्हणजे कमिशनात वाचवलेलं दरात घालवणं. आयडियलप्रो या मुख्य चलनमंचावर २५,००० डॉलरखालची ऑर्डर किरकोळ समजली जाते आणि दर किंचित डावा मिळतो. फरक इतका बारीक असतो की त्यासाठी पैसे साठवत बसण्यात अर्थ नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे 'व्हर्च्युअल एफएक्स पोझिशन'. चलन बदललं की ट्रेडर वर्कस्टेशनच्या खात्याच्या खिडकीत युरो-डॉलर जोडीत उणे अमुक युरो असं काहीतरी दिसू लागतं, शेजारी नफा-तोटाही हलत असतो. नवखा माणूस घाबरतो: हा सौदा उघडा राहिला की काय? मग तो 'क्लोज' करतो. झालं, बदललेले डॉलर पुन्हा युरो झाले आणि कमिशन दुसऱ्यांदा गेलं. तो आकडा फक्त चलनाचा सट्टा करणाऱ्यांना सरासरी भाव कळावा म्हणून ठेवलेली नोंद असते. खरी शिल्लक त्याच खिडकीत 'मार्केट व्हॅल्यू'खाली 'रिअल एफएक्स बॅलन्स' म्हणून दिसते. ऑर्डरचा मार्ग 'एफएक्सकॉन्व्ह' निवडला तर ही आभासी नोंद तयारच होत नाही. इतकी वर्षं हा गोंधळ पडद्यावर तसाच ठेवल्याबद्दल या सॉफ्टवेअरचे गुण बिनदिक्कत कापायला हवेत.

मार्जिन खात्याचा पहिला फटका याच वळणावर बसतो. समजा खात्यात २०,००० युरो आहेत आणि १०,००० डॉलरचा, डॉलरमध्ये विकला जाणारा ईटीएफ घेतला. कॅश खात्यात आधी चलन बदलतं, मग खरेदी होते. मार्जिन खात्यात चलन बदलत नाही. युरो जागच्या जागी राहतात आणि डॉलरच्या रकान्यात उणे १०,००० उमटतं. ते कर्ज आहे, युरो तारण ठेवून घेतलेलं. पडद्यावर एकूण रक्कम बरोबर दिसते, म्हणून शंकाही येत नाही. 'प्रो' या खातेप्रकाराला पहिल्या एक लाख डॉलरपर्यंत व्याज बेंचमार्क दर (त्या चलनाचा बाजारातला मूळ व्याजदर) अधिक १.५ टक्के. बेंचमार्क ४ टक्के धरला तर ५.५ टक्के, म्हणजे वर्षाला ५५० डॉलर, दिवसाला साधारण दीड डॉलर. ज्या रूपांतराला २ डॉलर लागले असते ते न केल्याचा भुर्दंड दोन दिवसांत त्याहून जास्त. उलट बाजूला पडून असलेल्या युरोवर काय मिळतं? पहिल्या १०,००० डॉलरइतक्या रोख शिल्लकीवर काहीच नाही. व्याज रोज साचतं, पण खात्यातून वजा होतं पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला, त्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत महिना उलटतो. आणि दुसरीकडे, शेअर विकल्यावर आलेले डॉलर डॉलरच राहतात. ते युरोत आणायचं कामही आपलंच.

काहींना हे कर्ज मुद्दाम हवं असतं. डॉलरमधली मालमत्ता डॉलरच्याच कर्जाने घेतली की विनिमयदराची जोखीम फक्त नफा-तोट्यापुरती उरते. ते जाणूनबुजून केलं तर शहाणपणाचंही असू शकतं.

मुदतीचं एक बारीक गणितही इथे आहे. अमेरिकी शेअरचा हिशेब २८ मे २०२४ पासून टी+१, म्हणजे व्यवहारानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. युरो-डॉलरचा अजून टी+२. एकाच दिवशी चलन बदललं आणि शेअर घेतला तर शेअरचे पैसे उद्या द्यायचे असतात आणि डॉलर परवा हातात पडतात. मार्जिन खात्यात मधल्या दिवसाचं व्याज लागू शकतं. गुरुवारी केलं तर शेअर शुक्रवारी, डॉलर सोमवारी, म्हणजे तीन दिवसांचं. रक्कम चहापाण्याची, पण स्टेटमेंटवर ते का आलं हे माहीत असलं की मदत केंद्राशी पाऊण तास वाद घालावा लागत नाही. चलन एक दिवस आधी बदललं की प्रश्न मिटतो.

मार्जिनची शिस्त

कर्ज काढायचंच असेल तर नियम नीट समजून घ्यावेत, कारण हा ब्रोकर त्या बाबतीत भिडस्त नाही. अमेरिकी नियमानुसार मार्जिन खात्यात किमान २,००० डॉलर लागतात. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या 'रेग्युलेशन टी' या नियमाप्रमाणे शेअर घेताना निम्मी रक्कम स्वतःची हवी. हे ५० टक्क्यांचं प्रमाण १९७४ पासून तसंच आहे. नंतर टिकवून ठेवायचं किमान प्रमाण, म्हणजे मेंटेनन्स मार्जिन, २५ टक्के. स्वतःचे १०,००० आणि कर्जाचे १०,००० घालून २०,००० डॉलरचे शेअर घेतले, तर बाजारमूल्य १३,३३३ वर आलं की रेषा गाठली. म्हणजे भाव एक तृतीयांश पडेपर्यंत सवड.

पण २५ टक्के ही नियमाने ठरवलेली तळाची पायरी आहे. ब्रोकर एखाद्या शेअरसाठी ती हवी तेवढी वर नेऊ शकतो. तोच शेअर ४० टक्क्यांवर नेला तर १६,६६७ वरच विक्री, म्हणजे भाव जेमतेम १७ टक्के पडला की खेळ संपला. ५० टक्क्यांवर नेला तर भाव एक पैसाही न पडता तुम्ही रेषेवर. निकाल, निवडणूक, एखाद्या शेअरभोवतीची झुंबड अशा वेळी नेमकं हेच होतं, आणि खात्यात एकच शेअर भरभरून असेल तर आणखी लवकर. 

रेषा ओलांडली की फोन येत नाही, मुदत मिळत नाही. यंत्रणा आपोआप विकायला लागते. पैसे पाठवलेत, ट्रान्सफर वाटेत आहे, या सबबी तिला ऐकू येत नाहीत. विक्री किती होते तेही पाहा. बाजारमूल्य १३,००० झालं, कर्ज १०,०००, स्वतःचे उरले ३,०००. लागतात १३,००० च्या २५ टक्के, म्हणजे ३,२५०. तूट फक्त २५० ची. ती भरायला विकावे लागतात १,००० चे शेअर, चौपट, कारण प्रत्येक डॉलरच्या विक्रीने गरज फक्त २५ सेंटने घटते. तेच २५० रोख आधी खात्यात असते तर एकही शेअर गेला नसता. पाहायचा आकडा एकच, 'एक्सेस लिक्विडिटी', म्हणजे किमान मार्जिन वजा जाता उरणारी स्वतःची रक्कम. तो शून्याकडे झुकला की कर्ज फेडायचं किंवा विकायचं, पण स्वतःच्या हाताने. एखादा शेअर शेवटपर्यंत राखायचा असेल तर ट्रेडर वर्कस्टेशनमध्ये त्यावर 'लिक्विडेट लास्ट'ची खूण करता येते. यंत्रणा ती विनंती समजते, वचन नाही.

ऑप्शन (ठरल्या भावाने शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क) विकणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. मुदत संपल्यावर शेअर अंगावर आले तर मार्जिन पुरेल का, हे यंत्रणा आधीच तपासते आणि पुरणार नसेल तर मुदतीच्या आतच पोझिशन कापते.

हा निष्ठुरपणा वाईट का? कर्जदाराला वाईट, बाकीच्या ग्राहकांना चांगला. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोसाठी ठेवलेला १.२० फ्रँकचा तळ अचानक काढून घेतला. फ्रँक काही मिनिटांत उसळला आणि तारण संपून ग्राहकांची खाती उणे झाली. अल्पारी यूके ही चलनब्रोकर कंपनी बुडाली, तशाच एफएक्ससीएमच्या ग्राहकांकडे २२.५ कोटी डॉलरची येणी थकली आणि तिला लगेच ३० कोटींचं कर्ज काढावं लागलं. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सलाही सुमारे १२ कोटींचा फटका बसला, पण ती उभी राहिली. एका चलनात तारण आणि दुसऱ्यात कर्ज असलं की काय होतं याचा हा धडा आहे: शेअर जागचे हलत नाहीत आणि तरीही मार्जिन संपतं.

यंत्रणा अचूक असते असंही नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. शून्याखालचा भाव इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सच्या सॉफ्टवेअरला पेलला नाही. पडद्यावर भाव दिसेना, सौद्यातून बाहेर पडता येईना, मार्जिनचं गणितही चुकलं. पुढच्या वर्षी अमेरिकी वायदे नियामक सीएफटीसीने १७.५ लाख डॉलरचा दंड केला आणि ग्राहकांना ८ कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. स्वयंचलित विक्रीवर विसंबून वायद्यात उतरणाऱ्याने हे विसरू नये. खातं उणे झालं तर ती रक्कम ग्राहकाच्या अंगावर येते. युरोपात किरकोळ ग्राहकांच्या सीएफडीला (भावातल्या फरकावरचे करार) मिळणारं उणे शिल्लकीचं संरक्षण शेअर किंवा वायद्यांना लागू नाही.

पैसे कुठे असतात

अमेरिकी नियम १५सी३-३ प्रमाणे ग्राहकांचे पूर्ण पैसे भरलेले शेअर आणि रोकड ब्रोकरने स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायची असते. खरी तटबंदी हीच. ब्रोकर बुडाला आणि वेगळं ठेवलेलं सगळं जागेवर असलं, तर शेअर दुसऱ्या ब्रोकरकडे हलवले जातात. काही गायब निघालं तरच १९७० च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या एसआयपीसी या ग्राहक-संरक्षण संस्थेची भरपाई येते: ५ लाख डॉलरपर्यंत, त्यात रोकड २.५ लाखांपर्यंत. शेअरचा भाव पडल्याचा तोटा त्यात येत नाही, वायदे येत नाहीत, चलनाचे सौदे येत नाहीत.

आणि इथे मार्जिनची टिचकी पुन्हा आडवी येते. तुमच्यावर कर्ज असेल तर त्या कर्जाच्या १४० टक्के किमतीपर्यंतचे तुमचे शेअर ब्रोकर स्वतः तारण ठेवू शकतो किंवा उसने देऊ शकतो. वरच्या उदाहरणात चलन न बदलल्यामुळे नकळत झालेलं १०,००० डॉलरचं कर्ज आठवा. १४,००० डॉलरपर्यंतचे शेअर, म्हणजे तिथे घेतलेला सगळाच ईटीएफ, वेगळ्या कपाटातून बाहेर काढायची परवानगी त्यानेच दिली. कर्ज शून्य असेल तर ही मुभाही शून्य. ही मर्यादा अमेरिकी कायद्याची आहे. ब्रिटनमध्ये तशी मर्यादा नव्हती, म्हणून २००८ मध्ये बुडालेल्या लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेच्या लंडनमधल्या कंपनीत कित्येक फंडांची मालमत्ता वर्षानुवर्षं अडकली, तर अमेरिकी ब्रोकर कंपनीच्या ग्राहकांना शेवटी पूर्ण परतफेड झाली.

'स्टॉक यील्ड एन्हान्समेंट प्रोग्रॅम'ही याच धाटणीचा, फक्त त्याला संमती स्वतःहून द्यावी लागते. पूर्ण पैसे भरलेले शेअर उसने दिले जातात आणि त्या कमाईतला निम्मा वाटा मिळतो. शेअर उसना असेपर्यंत त्याला एसआयपीसीचं छत्र मिळेलच असं नाही, त्याऐवजी रोख तारण ठेवलं जातं, आणि लाभांशाच्या जागी 'इन लू' रक्कम येते, जिच्यावरचा कर काही ठिकाणी जास्त. प्रसिद्ध निर्देशांकाचा ईटीएफ धरून बसलेल्याला यातून नाममात्र मिळतं. बंद ठेवलेलं बरं.

वायद्यांची परवानगी घेतली असेल तर खात्याचे आतून दोन भाग होतात, सिक्युरिटीज आणि कमोडिटीज. एसआयपीसीचं छत्र फक्त पहिल्यावर. वायद्यांचं पैसे-विलगीकरण कागदावर कडक असूनही २०११ मध्ये एमएफ ग्लोबल ही वायदे ब्रोकर कंपनी बुडाली तेव्हा ग्राहकांचे सुमारे १.६ अब्ज डॉलर जागेवर नव्हते. ते शेवटी परत मिळाले, पण काही वर्षांनी. लगेच २०१२ मध्ये पीएफजीबेस्ट या दुसऱ्या वायदे ब्रोकरच्या मालकाने कित्येक वर्षं बँकेची बनावट स्टेटमेंटं करून २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम खाल्ल्याचं उघडकीस आलं. म्हणून खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सेस फंड्स स्वीप' शोधावं आणि जादा रोकड सिक्युरिटीज बाजूला वळवणारा पर्याय निवडावा. दोन मिनिटांचं काम आहे.

खातं कुठल्या कंपनीकडे आहे हेही पाहायला हवं. नाव एकच दिसलं तरी अमेरिकेत, आयर्लंडमध्ये, ब्रिटनमध्ये, कॅनडात कंपन्या वेगळ्या, आणि शेवटचा आधार देणाऱ्या योजनाही वेगळ्या. आयर्लंडच्या योजनेत नुकसानीच्या ९० टक्के आणि जास्तीत जास्त २०,००० युरो, ब्रिटनच्या एफएससीएसमध्ये ८५,००० पाउंड, कॅनडाच्या सीआयपीएफमध्ये १० लाख कॅनेडियन डॉलर. जाहिरातीतला मोठा आकडा आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नये. मासिक स्टेटमेंटच्या माथ्यावर छापलेलं कंपनीचं नाव आणि ग्राहक करार, हे दोनच पुरावे.

ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी ईटीएफ घ्यायचा आणि वर्षानुवर्षं धरून ठेवायचा, त्याने कॅश खातंच घ्यावं. त्यात गैरसोय एकच: विकलेल्या शेअरचे पैसे हिशेब पुरा होईपर्यंत नव्या खरेदीला मोकळे नसतात. चलन स्वस्तात बदलतंच, कर्ज होऊ शकत नाही, कर्जापोटी शेअर तारण जाऊ शकत नाहीत. सतत खरेदी-विक्री करणाऱ्याला, पुरेशी रोकड किंवा शेअर हाताशी नसताना ऑप्शन विकणाऱ्याला, शॉर्ट करणाऱ्याला (उसने शेअर विकणाऱ्याला) मार्जिनवाचून गत्यंतर नाही, आणि त्याच्यासाठी व्याजाचा हा दर बऱ्याच बड्या ब्रोकरांपेक्षा सौम्य आहे.

आधीच मार्जिन उघडून बसलेल्यांना परतीची वाट आहे. शेअर शॉर्ट केलेला नको आणि कुठल्याही चलनात उणे शिल्लक नको, अगदी काही सेंटची सुद्धा. अर्ज बहुधा तिथेच अडतो. ट्रेडर वर्कस्टेशनमध्ये खात्याच्या खिडकीत त्या चलनावर उजवी टिचकी देऊन 'क्लोज करन्सी बॅलन्स' निवडलं की तो चुरा साफ होतो. हिशेब पुरा व्हायला दोन कामकाजाचे दिवस जाऊ द्यायचे, सगळे रकाने शून्य किंवा त्यावर आहेत याची खात्री करायची, आणि मगच अकाउंट सेटिंग्जमधून खात्याचा प्रकार कॅश करायची विनंती टाकायची.